ड्राफ्ट बघायचा तर शनिवारी जा: ग्रीन बेच्या तीन दिवसांचा हिशेब

परवा क्लीव्हलंडहून मावसभावाचा फोन आला. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा यंदाचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा सोहळा, 23 ते 25 एप्रिल 2026 ला पिट्सबर्गला आहे, त्याच्या घरापासून गाडीनं सव्वादोन तासांवर. "दादा, गेल्या वर्षी ग्रीन बेला तू तिन्ही दिवस होतास न्हवं? पोरांना घेऊन जाऊ का? आणि एकच दिवस जमला तर कुठला धरू?"

एकच दिवस जमला तर शनिवार धर, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. टीव्हीवर सगळा थाटमाट गुरुवारी रात्री दिसतो, मोठी नावं गुरुवारीच जातात, मग शनिवारी काय शिळं खायला जायचं का, असं त्याचं म्हणणं. म्हणून एप्रिल 2025 मध्ये मी, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि आमच्या शेजारच्या बाई यांनी ग्रीन बेला जे तीन दिवस काढले, ते नीट लिहून ठेवतोय. पिट्सबर्गला किंवा 2027 ला वॉशिंग्टनला जायचा विचार असणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पेठा आणि तालमी हे समीकरण रक्तातलं. सामने नसतानाही आमच्या कट्ट्यावर विषय तोच असायचा: यंदा कोण कुणाकडून नोंदणी करणार, कुणाचा गोलकीपर फुटला, कुणाला नवा स्ट्रायकर मिळाला. हे ज्यानं पाहिलंय त्याला ग्रीन बे कळायला वेळ लागत नाही. इथला फुटबॉल हातानं खेळतात, चेंडू लांबोडका असतो, पण संघ गावाचा आहे. ग्रीन बे पॅकर्स 1919 साली निघाले आणि आजही कुणा एका शेठचे नाहीत. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही. आपल्याकडे याला वर्गणी म्हणतात. मी सोळा वर्षं विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनमध्ये राहतो, तिथून पॅकर्सचं स्टेडियम लॅम्बो फील्ड तीसेक मैल. या गावाला स्वतःच्या अंगणात ड्राफ्ट मिळाला, त्या वर्षी आम्ही जाणार नाही असं होणंच शक्य नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी. 32 संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. आदल्या हंगामात जो सगळ्यांत खाली, त्याचा पहिला हक्क. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी उरलेल्या चार. 2025 ला एकूण 257 जणांची निवड झाली. संघ हक्कांची अदलाबदल करतात, कुणी वर सरकतं, कुणी खाली, आणि त्यावर अख्खा उन्हाळा वाद चालतो.

आता शेजारच्या बाईंबद्दल, कारण त्यांच्याशिवाय हा अनुभव अर्धा राहिला असता. त्या 74 वर्षांच्या, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. यजमानांनी 1997 च्या विक्रीत घेतलेला पॅकर्सचा शेअर त्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेला आहे. मला हा खेळ त्यांनीच शिकवला, रविवार-रविवार करत. त्यांच्याकडे ड्राफ्टची वही आहे. प्रत्येक वर्षाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर संघाला काय कमी आहे ते गरजेच्या क्रमानं, उजव्या पानावर प्रत्यक्षात कोण आलं. 1989 चं पान त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी अमेरिकेत नवा होतो. त्या वर्षी पॅकर्सचा दुसरा हक्क होता आणि त्यांनी टोनी मँडरिच घेतला. तिसरा गेला बॅरी सँडर्स, चौथा डेरिक थॉमस, पाचवा डीऑन सँडर्स. पहिल्या पाचांतले बाकी चौघे हॉल ऑफ फेममध्ये आहेत, मँडरिच नाही. त्या ओळीखाली पेन इतकं दाबून रेघ मारलीय की मागच्या पानावर उमटलीय.

2025 च्या डाव्या पानावर पहिलं होतं रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा, दुसरं एज रशर म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कडेनं धावून जाणारा गडी, तिसरं कॉर्नरबॅक म्हणजे समोरच्या रिसीव्हरला रोखणारा. जानेवारीत बाद फेरीत फिलाडेल्फियात आम्ही 22-10 हरलो होतो. त्याआधी शेवटच्या साखळी सामन्यात आमचा रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसनचा गुडघा गेला होता. मार्चमध्ये संघानं गार्ड म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या फळीतला गडी एरन बँक्स आणि कॉर्नरबॅक नेट हॉब्स यांना करार देऊन आणलं. बँक्सला चार वर्षांचे 77 दशलक्ष डॉलर, हे बाईंना अजिबात रुचलं नव्हतं. "गार्ड मधल्या फेऱ्यांत मिळतात, आपणच मिळवलेत," हे त्यांचं पालुपद. आणि रिसीव्हरचं दुखणं तर जुनं. 2002 ला जॅव्हॉन वॉकर घेतल्यानंतर पॅकर्सनं पहिल्या फेरीत एकदाही रिसीव्हर घेतला नव्हता. 2020 ला सगळं गाव रिसीव्हर मागत होतं, आणि संघ चार जागा वर सरकून क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेऊन आला. लव्ह पुढं चांगलाच निघाला, पण त्या रात्रीची नाराजी इथल्या लोकांनी मनातून काढलेली नाही.

आता प्रत्यक्ष सोय कशी होती ते.

प्रवेश फुकट. फोनवर लीगचं वनपास ॲप घ्यायचं, घरातल्या सगळ्यांची नावं नोंदवायची आणि गेटवर कोड दाखवायचा. हे काम घरूनच करून जा, कारण तिथं पोचल्यावर गर्दीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. आमच्या पुढचं एक कुटुंब गेटबाहेर वीस मिनिटं डाउनलोडचं वर्तुळ बघत उभं होतं. पिशवी पारदर्शक प्लास्टिकचीच लागते. बाईंची वही आत जाईल का अशी मला धास्ती होती, पण तपासणाऱ्या मुलीनं ती चाळली आणि 1996 चं, म्हणजे सुपर बोल जिंकलेल्या हंगामाचं पान उघडून हसली.

पार्किंगसाठी लॅम्बोभोवतीचे रहिवासी आपली हिरवळ भाड्यानं देतात, ही इथली जुनी रीत. सामन्याच्या दिवशी ज्या घरी मी 30 डॉलर देतो, तिथं गुरुवारी 60 झाले होते. शनिवारी त्याच अंगणात 25. राहण्याच्या बाबतीत मात्र वाईट अनुभव आला. मॅडिसनहून येणाऱ्या मित्राचं सहा महिने आधी केलेलं बुकिंग एका हॉटेलनं एप्रिलच्या सुरुवातीला रद्द केलं आणि त्याच खोल्या चौपट दरानं पुन्हा विकायला काढल्या. शेवटी ते चौघं आमच्या बैठकीत गाद्या टाकून झोपले. पिट्सबर्गला मुक्कामी जाणार असाल तर नातेवाइकाचं घर शोधा, नाहीतर तासाभराच्या अंतरावर खोली घ्या.

गुरुवार. ग्रीन बेची वस्ती एक लाखाच्या थोडी वर, आणि त्या एका संध्याकाळी दोन लाखांहून जास्त लोक आले. आम्ही दुपारी बाराला ॲपलटन सोडलं, तरी आत शिरेपर्यंत साडेतीन वाजले. निवड सुरू व्हायची संध्याकाळी सातला. स्टेडियमशेजारच्या टायटलटाउन या मैदानाच्या बाजूला खेळांचे मांडव होते: 40 यार्ड धावा, उंच उडी मारा, किक मारून चेंडू खांबांतून काढा. माझ्या मुलानं एका किकसाठी सव्वा तास रांग धरली. किक खांबांतून गेली आणि त्याचा चेहरा फुलला, म्हणून तो वेळ मला वाया गेलेला वाटत नाही. पण तेवढ्या वेळात स्टेजजवळच्या सगळ्या जागा गेल्या. पुढचे साडेतीन-चार तास आम्ही स्टेज पाहिलंच नाही. समोर माणसांच्या पाठी, त्यांच्या डोक्यावरची चीजच्या तुकड्यासारखी पिवळी टोपडी आणि वर मोठा पडदा. पडद्यावर जे दिसतं ते घरी जास्त स्वच्छ दिसतं.

बसायला काही नव्हतं. 2025 ला पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला दहा मिनिटं मिळत होती, म्हणजे पॅकर्सच्या तेविसाव्या हक्कापर्यंत किती उभं राहायचं ते मोजा. ऊन उतरल्यावर सरोवराकडून थंडी आली. बाईंनी दोन वेळा कुंपणाला टेकून विसावा घेतला, घरी जाऊ या असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आमचे जुने वैरी शिकागो बेअर्स, त्यांचं नाव आलं की दोन लाख गळे एकदम हुर्यो करायचे. ती हुर्यो मात्र टीव्हीवर ऐकून समजत नाही, ती छातीत जाणवते.

साडेनऊच्या पुढेमागे पॅकर्सची पाळी आली. चिठ्ठी वाचायला अध्यक्ष मार्क मर्फी आले, त्यांचं निवृत्तीचं वर्ष. मॅथ्यू गोल्डन, वाइड रिसीव्हर, टेक्सस विद्यापीठ. 'रिसीव्हर' या शब्दानंतर पुढचं काही ऐकूच आलं नाही. इंडियानापोलिसच्या चाचणीत 40 यार्ड 4.29 सेकंदांत धावलेला पोरगा. माझ्या शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस माझ्या मुलाला उचलून नाचला. बाईंनी मला फोनचा दिवा धरायला लावला आणि वहीत नाव लिहिलं. मग पानं उलटत 2002 पर्यंत गेल्या आणि वॉकरच्या नावापुढं छोटासा बाण काढून '2025' लिहिलं. थंडीनं बोटं आखडली होती, आकडा वाकडा आला.

त्या एका मिनिटासाठी गुरुवार केल्याचं मला समाधान आहे. पण ते मिनिट आमच्या गावात, आमच्या संघासाठी होतं. तुमचा संघ पिट्सबर्गचा स्टीलर्स नसेल तर पिट्सबर्गला गुरुवारी तुम्हाला ते मिळणार नाही. तुम्हाला फक्त उभं राहणं मिळेल. रात्री ॲपलटनला पोचायला दीड वाजला.

शुक्रवारी मी आणि मुलगाच गेलो. चौपन्नाव्या हक्कावर अँथनी बेल्टन नावाचा अजस्र टॅकल, म्हणजे त्याच फळीतला कडेचा गडी, आला, सत्त्याऐंशीव्यावर पुन्हा रिसीव्हर, सॅव्हियन विल्यम्स. गर्दी तितकीच, उत्साह निम्मा. त्या दिवशी आम्ही पोटापाण्याकडे जास्त लक्ष दिलं. ब्रॅटवर्स्ट चांगले भाजलेले होते, वर परतलेला कांदा. शाकाहारी माणसाला मात्र पर्याय थोडे. चीज कर्ड्स म्हणजे ताज्या चीजचे पिठात घोळवून तळलेले गोळे, ते गरम मिळाले तर जेवणाऐवजी चालतात. एका गाड्यावर आम्हाला थंड झालेले दिले आणि बदलून मागितल्यावर नाही म्हणाले. रांग लांब असलेला गाडा निवडा, तिथं घाणा सतत चालू असतो. मुलं बरोबर असतील तर घरून खाऊन निघा.

आणि आता शनिवार, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

निवड सकाळी अकराला सुरू व्हायची होती. आम्ही नऊला निघून पावणेअकराला आत होतो, बाईंसकट. तरुण मंडळी रात्रीची जागलेली, बाहेरगावचे बरेच परतीच्या वाटेवर. तीन दिवसांचा आकडा सहा लाखांचा होता, पण शनिवारी पाय ठेवायला जागा होती, आणि अर्ध्या तासात आम्ही स्टेज आपल्या डोळ्यांनी दिसेल इतके पुढं सरकलो. या दिवशी दोन निवडींत पाच मिनिटंच असतात, सातव्या फेरीत चार. नावांमागून नावं येत राहतात. थाटमाट नसतो, त्यामुळे लोक एकमेकांशी बोलतात.

आणि बोलणारे कोण? चौथ्या फेरीतल्या गड्याचं नाव ऐकून त्याचं कॉलेज, त्याचा खांदा कधी दुखावला, त्याचे प्रशिक्षक कोण हे पाठ सांगणारे. आमच्या डावीकडं शेबॉयगनचा एक ट्रकचालक होता, लांबच्या फेऱ्यांत कॉलेजचे सामने रेडिओवर ऐकणारा. उजवीकडं दोघी बहिणी, वडिलांच्या वेळचं सीझन तिकीट सांभाळणाऱ्या. बाईंनी वही उघडली आणि दहा मिनिटांत आमच्याभोवती कोंडाळं झालं. ट्रकचालकाचं म्हणणं, गुरुवारी कॉर्नरबॅक घ्यायला हवा होता, आपला कॉर्नर जायर अलेक्झांडर यंदा राहत नाही. (तो खरा ठरला, जूनमध्ये अलेक्झांडरला सोडलं.) मोठी बहीण म्हणाली, एज रशर नसेल तर कॉर्नरनं तरी किती वेळ माणूस धरून ठेवायचा? मला शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आठवल्या. तिथंही असंच असायचं: शेजारचा कोण हे ठाऊक नसतं, पण आपला लेफ्ट बॅक का चुकतो यावर दोघं एकमताचे असतात.

बाईंनी मग शनिवारची नावं वाचून दाखवली. डेव्हिड बाख्तियारी, चौथी फेरी, 2013. एरन जोन्स, पाचवी, 2017. डोनाल्ड ड्रायव्हर, सातवी, 1999, पुढं दहा हजार यार्डांच्या वर गेला. आणि वहीच्याही आधीचं, त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं नाव: बार्ट स्टार, 1956, सतरावी फेरी, 200 वा. ज्याच्या हातात प्रशिक्षक लोम्बार्डीनं संघ दिला, तो दोनशेवा होता. "गुरुवारी संघ वर्तमानपत्रात छापायला खेळाडू घेतो," त्या म्हणाल्या, "शनिवारी दहा वर्षं खेळायला घेतो."

मग चौथी फेरी, 124 वा हक्क, पॅकर्स. बॅरिन सॉरेल, एज रशर, टेक्सस.

याची गोष्ट समजून घ्या. सॉरेल न्यू ऑर्लिन्सचा. लीगनं बोलावलेल्या मोजक्या खेळाडूंत तो होता. गुरुवारी सूट घालून आला, नाव आलं नाही. शुक्रवारी आला, नाव आलं नाही. अशा वेळी बाकीचे घरी जातात, कॅमेऱ्यांपुढं आणखी एक दिवस बसणं कुणाला नको असतं. हा शनिवारी पुन्हा आला. आणि त्याला घेतलं ते ज्या गावात तो तीन दिवस थांबला होता त्याच गावानं. तो स्टेजवर आला तेव्हा आम्ही त्याच्यापासून फार तर साठ-सत्तर पावलांवर होतो. 'गो पॅक गो'चा गजर सुरू झाला आणि थांबेना. ट्रकचालक रडत होता आणि डोळे पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. माझा मुलगा किकच्या वेळी हसला होता, आता एकदम गप्प झाला. थोड्या वेळानं मला म्हणाला, "बाबा, तो शुक्रवारी घरी गेला असता तर?"

बाईंनी डाव्या पानावरच्या दुसऱ्या गरजेपुढं खूण केली.

संध्याकाळपर्यंत आम्ही शेवटची नावंही ऐकली: कॉलिन ऑलिव्हर, वॉरन ब्रिन्सन, मायका रॉबिन्सन, जॉन विल्यम्स. जर्सीच्या दुकानात गुरुवारी दारापर्यंत पोचता आलं नव्हतं, शनिवारी दहा मिनिटांत काम झालं. तिन्ही दिवसांचा आमचा खर्च पेट्रोल, पार्किंग, खाणं आणि एक टोपी धरून 310 डॉलर झाला. त्यातले शनिवारचे 70 मी उद्या पुन्हा आनंदानं देईन.

पॅकर्सवाल्यांसाठी यंदा आणखी एक कारण आहे. ऑगस्ट 2025 मध्ये डॅलसकडून एज रशर मायका पार्सन्सला आणलं, त्याच्या बदल्यात केनी क्लार्क आणि 2026 व 2027 चे पहिल्या फेरीचे दोन्ही हक्क गेले. म्हणजे पिट्सबर्गला गुरुवारी आमचं नावच पुकारलं जाणार नाही. सौदा योग्य होता असं मी आजही म्हणतो, डिसेंबरात डेन्व्हरला पार्सन्सचा गुडघा गेला तरीही. त्यानंतर संघ एकही सामना जिंकला नाही, आणि जानेवारीत शिकागोत मध्यंतराला 21-3 पुढं असून 31-27 हरलो. त्या रात्री बाईंच्या घरातला दिवा उशिरापर्यंत जळत होता.

2025 च्या हंगामानंतर करार संपणाऱ्यांत रिसीव्हर रोमिओ डब्स होता, लाइनबॅकर क्वे वॉकर होता, डावा टॅकल रशीद वॉकर होता, बदली क्वार्टरबॅक मलिक विलिस होता. सगळे राहणार नाहीत हे उघड होतं. मागच्या रविवारी बर्फ काढून झाल्यावर बाईंनी चहाला बोलावलं आणि नवं पान दाखवलं. डावीकडं पहिलं कॉर्नरबॅक, दुसरं बचावातला मधला जाडजूड गडी, क्लार्कची जागा भरायला, तिसरं टॅकल. उजवीकडं पहिल्या फेरीच्या ओळीत त्यांनी पार्सन्सचं नाव आधीच लिहून टाकलंय. माझ्या मुलानं विचारलं, पिट्सबर्गला येणार का? दहा तासांचा गाडीप्रवास आहे. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून जरा विचार केला आणि म्हणाल्या, शनिवारसाठी निघायचं तर गुरुवारी सकाळी निघावं लागेल, मध्ये एक मुक्काम करून.

मावसभावाला आज रात्री फोन करतो. त्याच्याकडे शुक्रवारी तिघांची झोपायची सोय होते का विचारायचंय.